बिनटोपीचा ध

मित्रांनो, मूल गावच्या एका धान गिरणीवरचा मी जुना, ठळक ध आहे. माझ्या डोक्यावर रेघ नाही. डोकं मात्र आहे.

नूर मोहम्मद पेंटरांनी मला तेलाच्या पिप्याच्या पत्र्यातून कापलं. साधनं दोनच, फूटपट्टी आणि त्यांच्या घरच्या साबिराबाईंची स्टीलची थाळी. जेवढा गोल आहे तो थाळीचा, बाकी सगळा पट्टीचा. धच्या डोक्याशी एक बारीक गाठ असते. ती थाळीनं जमेना, म्हणून पेंटरांनी ती गाळूनच टाकली. मग चंदेरी रंग देऊन म्हणाले, "हे येनाऱ्या शंभर वर्साचं अक्षर आहे."

गिरणीवर चढलो तेव्हा मी आकाशातून उतरलेल्या यानासारखा दिसत होतो. निदान मला तरी तसं वाटलं.

पुण्यात मी खपलो असतो. तिथे घाणीला ण लागतो. आमच्या झाडीच्या मुलखात ण कुणी बोलतच नाही. पहिल्याच दिवशी दसरू गाडीवाल्यानं बैल थांबवले आणि मोठ्यानं वाचलं, "घान गिरनी! काऊन जी लटारूभाऊ, अंदर का दळून राह्यले?"

मालक लटारूभाऊ लालबुंद झाले. "पेंटरभाऊ, याच्या डोक्शावर रेघ मारा. टोपी घाला त्याले!"

"टोपी मी घालतो न, भाऊ. अक्षराले कायले पायजे?" रेघ मारली असती, तर मी पक्का घच झालो असतो.

वीस वर्षं लोक मला हसले आणि हसत हसत धान आणत राहिले. यंदा मात्र लटारूभाऊंनी फ्लेक्स लावला. त्यावर नाव बारीक आणि भाऊंचा फोटो मोठा. मला कोंड्याच्या ढिगावर पालथं टाकलं. भंगारवाला सोमवारी येणार होता. मी गंजलो होतो, पण वाकलो नव्हतो.

धान निघालं. ट्रॅक्टर गिरणीसमोरून सरळ पुढे जाऊ लागले. तिसऱ्या दिवशी दसरूच फाटकाशी येऊन विचारू लागला, "इथी घान गिरनी होती न? बंद पडली का?"

लटारूभाऊंच्या रुखमाबाई आतून बाहेर आल्या. "हसत येत होते, पन येत होते ना! आता दळा तुमचा फोटो."

संध्याकाळच्या आत नूर मोहम्मदांना बोलावणं गेलं.

"तुमचा ध लावा," लटारूभाऊ म्हणाले. "पन आतातरी टोपी..."

"गाठ गाळली हे माही चूक, भाऊ. ते लावून देतो. टोपीचं नाव काढू नोका."

या वेळी त्यांनी साबिराबाईंची वाटी आणली होती.

मित्रांनो, जुनं अक्षर भंगारात देण्याआधी ते एकदा मोठ्यानं वाचा. चुकलं असेल तर चूक तेवढी काढा, उगाच त्याच्या डोक्यावर रेघ मारू नका. मला आता गाठ आहे, तरी दसरू मला घानच वाचतो. वाचो बापडा. त्याचा पत्ता चुकत नाही.

टोपी मी अजून घातलेली नाही.