दोन बार, एक भोक

चूक तुमची आहे, शिकारीचे परवाने देणाऱ्या खात्याची. खुर्ची तुम्ही दिलीत, रणगाड्यासारख्या पट्ट्यांची, चिखलातून चढणारी. दलदलीपर्यंतचा रस्ता सपाट केलात, फाटकाची किल्ली घरपोच पाठवलीत, धडधाकट लोकांच्या आधी अपंगांना शिकारीचा नऊ दिवसांचा वेगळा हंगाम दिलात. सगळं दिलंत, आणि मग नियमांच्या चौथ्या पानावर एक ओळ घुसडलीत : परवानाधारकाच्या मदतनिसाला परवानाधारकाच्या वतीने गोळी झाडता येईल. ज्याने हे लिहिलं त्याने आयुष्यात कधी हरणावर नेम धरला होता का? कचेरीत बसून दुसऱ्याच्या वतीने जगायची तुम्हाला सवयच आहे. पण त्या ओळीने ऑर्विल टेस्डालची काय गत केली, ते ऐका.

ऑर्विलने तीस वर्षं जंगलात झाडं पाडली. तीन वर्षांपूर्वी एक पॉपलरचं झाड पडताना उलटं फिरलं आणि मानेवर आलं. पाय गेले. उजव्या हातात बंदुकीचा चाप ओढण्यापुरती ताकद उरली, तीही कधी असते, कधी नसते. दोन हंगाम तो घरात बसून खिडकीतून लोकांच्या गाड्यांवर बांधलेली हरणं बघत होता. या वर्षी निघाला तेव्हा बायकोला, मार्लिसला, एवढंच म्हणाला, "एक गोळी. नीट बसली तर पुढच्या वर्षी जाईन. नाही बसली तर बंदूक विकून टाक."

मार्लिसला कारण विचारावं लागलं नाही. हरीण जखमी होऊन पळालं तर त्याच्यामागे जायचं असतं, रक्ताचे थेंब बघत, दिवस मावळेपर्यंत जायचं असतं. त्या दलदलीत देवदारांची मुळं अशी गुंतलेली की तुमची ती पट्ट्यांची खुर्चीही दहा पावलांवर अडकते. जनावर आत कुठेतरी तडफडत पडलंय आणि आपण बाहेर बसलोय, हे ऑर्विलला चालणार नव्हतं. अंगणात कागदी ताटलीवर त्याच्या गोळ्या बसत होत्या. पण ताटली बघून छाती धडधडत नाही.

मदतनीस म्हणून मार्लिसचा धाकटा भाऊ लायल सोबत होता. सकाळी साडेसातला दलदलीच्या कडेने नर बाहेर आला. आठ टोकांची शिंगं, साठ पावलांवर, आडवा उभा. ऑर्विलची बंदूक खुर्चीला जोडलेल्या टेकणावर होती. शेजारी लायल गुडघ्यावर, तोही नेम धरून. ऑर्विलने श्वास सोडला, चाप ओढला.

"पडला! जागच्या जागी पडला!" लायलने त्याच्या पाठीत अशी थाप मारली की खुर्ची हलली.

"आवाज दोन झाले," ऑर्विल म्हणाला.

"घुमला असेल, टेकडीवरून."

"इथे टेकडी कुठंय?"

लायलने खरोखरच मान वळवून टेकडी शोधली. त्या भागात वारुळापेक्षा उंच काही नाही. "मग पाण्यावरून," तो म्हणाला.

"तुझी नळी इकडे कर. वास घेऊ दे."

"तिकडे एवढं हरीण पडलंय आणि याला नळी हुंगायचीय! कुत्रा झालास की काय?" असं म्हणत लायल सुरी आणि घसरगाडी घेऊन निघालासुद्धा. बंदूकही घेऊन गेला. मेलेलं हरीण ओढून आणायला बंदूक कशाला लागते? ऑर्विल तेवढ्याच प्रश्नाशी झटत बसून राहिला.

शिकारीनंतर सगळे जमतात ती झोपडी गसकाकाची. हा ऑर्विलचा चुलता, वय एक्क्याऐंशी, एका कानाने बहिरा आणि दुसऱ्याने सोयीपुरता. झोपडीच्या भिंतीवर शर्टांचे तुकडे खिळ्यांनी ठोकलेत, प्रत्येकावर नाव आणि साल. ज्याची गोळी हुकली त्याच्या शर्टाचा मागचा सोगा कापायचा, त्यात लहान नाही, मोठा नाही. गावच्या पाद्र्याचाही एक तुकडा आहे. ऑर्विलचाही आहे, सोळाव्या वर्षीचा.

कॉफी ओतली जात होती, जमलेले शिकारी ऑर्विलचे खांदे दाबत होते. तो म्हणाला, "लायलच्या बंदुकीतली काडतुसं मोजा."

लायलने कप खाली ठेवला. "मोजायचं कशाला? झाडली मी. नियमात बसतं."

"कधी झाडलीस?"

"तू झाडलीस तेव्हाच. तुझी नळी डुगडुगताना दिसली, बोट आपोआप गेलं."

"आधी की नंतर?"

"देवाशपथ, मला माहीत नाही रे."

गसकाका बाहेर गेला आणि टांगलेल्या हरणाच्या बरगडीत बोट घालून आला. "भोक एकच. आरपार गेलंय. तुमच्या दोघांच्या बंदुका एकसारख्या, काडतुसं एकाच डबीतली, आणि दोघे एकाच उंचीवर. मी काय ज्योतिषी आहे?"

"म्हणजे एकाची हुकली," ऑर्विल म्हणाला. "कात्री आणा."

कुणी जागचं हललं नाही. मग लायलने पँटमधून शर्ट उपसला. "माझीच हुकली. काप काका." त्याचं वाक्य संपायच्या आत काकाने कापलासुद्धा. टाळ्या पडल्या, हातोडा आला, खिळा आला. सगळ्यांचे चेहरे असे झाले जणू दातदुखी थांबली.

"तुला कसं कळलं, तुझीच हुकली?" ऑर्विलने विचारलं.

"अरे बाबा, शर्ट माझा गेला. तुझं काय गेलं?"

"काका, मी पायावर उभा असतो तर कुणाचा कापला असता?"

"तुझाच! विचारलंही नसतं," काका फटकन बोलून गेला. मग तो चुलीत लाकूड सारायला वळला. चूल आधीच भरलेली होती.

ऑर्विल त्या क्षणाकडे परत परत जात होता. चाप ओढला तेव्हा नेमाचा काटा हरणाच्या खांद्यामागे होता. होता ना? एकदा आठवावं तर बरोबर तिथेच. पुन्हा आठवावं तर वीतभर मागे, पोटावर. तिसऱ्यांदा हरीण आधीच खाली बसलेलं आणि मग आपल्या बंदुकीचा धक्का. लायलला दोष द्यावा तर त्याचा चेहराही तसाच गोंधळलेला. तो खोटं बोलत असता तर बरं झालं असतं. खोट्याच्या पाठीमागे खरं असतं, ते खेचून काढता येतं. इथे तर पाठीमागे काहीच नव्हतं. आपण आनंदी व्हायचं की नाही, हेसुद्धा त्याला समजेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंद करायची होती, नाहीतर हरीण जप्त. चार वाजता त्याने घरून तुमच्या कचेरीला फोन लावला. बाई गोड होती.

"शिंगाला परवान्याचा बिल्ला कुणाचा बांधलाय, सर?"

"माझा."

"मग हरीण तुमचंच. अभिनंदन! फोटो पाठवाल? आमच्या पत्रकात छापू."

"गोळी कुणाची, ते कुठे लिहायचं?"

"तो रकाना नाहीये, सर."

"माझी असेल तर?"

"तरी तुमचंच."

"माझी हुकली असेल तर?"

"तरीही तुमचंच, सर. योजनाच तशी आहे." बाईला वाटलं ती त्याला दिलासा देतेय.

मार्लिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो बाजूला केला नाही, पण फोनही सोडला नाही.

"बाई, नीट ऐका. मला मांस नको, फोटो नको. पुढच्या वर्षी असाच एक नर माझ्यासमोर आडवा उभा राहील. माझी गोळी त्याच्या काळजात जाईल की पोटात, हे मला या हरणावरून कळायला हवं होतं. तुम्ही दोन बंदुका लावून ते पुसून टाकलंत. आता मी चाप ओढायचा की नाही? हो की नाही, एवढंच सांगा. तुम्हाला येत नसेल तर साहेबांना बोलवा. मी फोन ठेवत नाही. बोला."