आप्पारावांच्या ओसरीवर

पुण्याहून परतल्यापासून धुळाजीला मेंढरांजवळ जायची मनाई होती. शिरूर कासारच्या अलीकडं त्याची वस्ती. जन्म मेंढरांमागं गेलेला हा माणूस आता दारातल्या खाटेवरून लांबूनच कळप बघायचा. त्याला पित्तनळीचा कॅन्सर झाला, यकृत बदलावं लागलं. धाकट्या बहिणीनं, साखराबाईनं, आपल्या यकृताचा भाग त्याला दिला. ते अंगानं नाकारू नये म्हणून रोज गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी रोगाशी झुंजायची ताकद कमी झालेली. त्यात सोळा सालचा दुष्काळ. टँकरचं पाणी साखराबाई खळखळून उकळायची, मगच त्याला द्यायची.

जखम भरली, पण काढलेल्या भागाच्या तपासणीत यकृताजवळच्या एका लसिकागाठीतही कॅन्सर पसरलेला सापडला. "पुढं औषध घ्यायचं का, विचार करून सांगा," डॉक्टर म्हणाले. आता विचार तरी काय करायचा? वस्तीवर जो तो निराळंच सांगे. कुणी झाडपाला आणून दिला, तो साखराबाईनं उकिरड्यावर फेकला आणि दवाखान्यातल्या समाजसेविका विमलबाईंना फोन लावला. विमलबाईंनी घाटनांदूरच्या आप्पारावांना भेटून यायला सांगितलं. याच दुखण्यातून, याच ऑपरेशनमधून ते गेले होते.

भाऊ-बहीण एसटीनं निघाले. खिडकीबाहेर उघडी माळरानं पळत होती.

"बाहत्तरला असंच होतं बघ," धुळाजी तोंडावरच्या मास्कातून म्हणाला. "बाप मेंढरं घेऊन पार गोदेकाठी, गंगथडीला गेलता."

"मला दुष्काळ न्हाई आठवत, दादा. मला सोसायटीच आठवते."

दुष्काळ सरल्यावर धनगरांनी मिळून घोंगड्यांची सोसायटी काढली होती. पत्र्याची शेड, चार माग, आणि दिवसभर चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास. आई लोकर पिंजायची, साखरा सूत कातायची, धुळाजी मागावर. बायका जात्यावरची गाणी तिथं म्हणायच्या. सणाला सगळ्या सभासदांचं जेवण एकाच पंगतीत व्हायचं. पुढं गिरणीची ब्लँकेटं आली, माग थांबले, पत्रे कुणी कुणी नेले. त्या शेडीतलं हसणं मात्र दोघांच्या कानात अजून होतं.

आप्पाराव ओसरीवरच बसले होते. वाळकं अंग, पांढऱ्या मिशा. त्यांनी पाहुण्यांना लांब बसवलं, स्वतः मास्क चढवला.

"औषध घ्या का नका, ते मी न्हाई सांगणार," ते म्हणाले. "माझं शरीर येगळं, तुमचं येगळं. पण डॉक्टरला समोर बसवून इचारा. औषधानं काय फायदा, न्हाई घेतलं तर काय, आन् यकृताच्या गोळ्यांसंगं ते जमतं का. कळंस्तवर उठायचं न्हाई."

धुळाजी एकदम बोलला, "मरायचं भ्या न्हाई वाटत, आप्पा. पर आजार फिरून आला तर हिनं दिलेलं वाया जाईल. ते सोसवत न्हाई."

हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. साखराबाईनं पदर तोंडाला लावला, लगेच काढलाही.

"वाया कावून जाईल? दोन म्हैनं झालं, तू माज्याशी बोलतूस, भांडतूस. ते काय कमी हाय?"

आप्पाराव हळूच म्हणाले, "माझ्या बायकोनं दिलतं. मीबी तिला हेच म्हनलोतो. दोन दिवस जेवली न्हाई ती."

त्यावर तिघंही हसले. धुळाजीचे डोळे भरून आले, आणि ते त्यानं लपवले नाहीत. मग चहा होईस्तवर घोंगड्यांच्या सोसायटीच्या आठवणी निघाल्या.

पुण्याला साखराबाईनं सगळे प्रश्न तोंडपाठ विचारले. डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली आणि कागदावर चित्र काढून समजावलं. "हमी देता येत नाही," ते म्हणाले, "पण आजार पुन्हा उलटायची शक्यता कमी होऊ शकते." यकृताच्या गोळ्यांशी मेळ बघत कॅन्सरच्या कॅप्सूल सुरू झाल्या. तळहातांची सालं निघाली, तोंडाची चव गेली, मधेच ताप येऊन एकदा भरतीही व्हावं लागलं. धुळाजीनं धीर धरून औषध पुरं केलं. नंतरच्या स्कॅनमध्ये काही दिसलं नाही. पुढच्या तपासणीची तारीख मात्र लगेच मिळाली.

साखराबाई आपल्या घरी गेली त्या दिवशी धुळाजीला घर सुनं वाटलं. दुपारी आप्पारावांचा फोन आला. "घोंगडीला खळ नेमकी कशी लावायचे हो तुमी?" त्यांनी विचारलं. धुळाजी खाटेवर उठून बसला आणि चिंचोके भिजत घालण्यापासून सांगू लागला. फोन गरम होईस्तवर बोलणं चाललं. तपासणीचा विषय त्यात निघालाच नाही.