दोनशे एकावा ठिपका

ठिपके तिने दोनशेच सोडले होते. शंभर थोरल्या कालव्यातून, शंभर धाकट्यातून. दोन कालवे भेटतात तिथे पाणी कसं वागतं ते संगणकावर बघायचं, आणि वाहत पलीकडे पोचलेले ठिपके मोजायचे, एवढंच काम. दोनशे पोचले. पण संगमाच्या कोपऱ्यामागे प्रवाह भिंत सोडतो आणि उरलेलं पाणी गोल फिरत बसतं, तिथे आणखी एक ठिपका फिरत होता.

“पुसून टाक,” शेजारच्या टेबलावरचा खोडरबर म्हणाला. जुळत नाही ते अहवालात ठेवायचं नाही, हा त्याचा धर्म. ऑफिसात त्याचं नावच ते पडलं होतं. “दोनशे गेले, दोनशे आले. हा वरचा म्हणजे घरजावई. काढ त्याला.”

तिने पुसला आणि सगळं पुन्हा चालवलं. तो पुन्हा आला.

संगणकाचं गणित खरं उतरतं का हे पडताळायला ती मोजणीदाराच्या जुन्या वह्या वापरत होती. मोजणीदार म्हणजे तिचेच बाबा. तीस वर्षं रोज चार वाजता संगमाच्या पायऱ्या उतरून त्यांनी पाण्याच्या पातळीची मोजपट्टी वाचली होती, आणि त्यांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पुराचे चाळीस दिवस तिने चालवून पाहिले. एकोणचाळीस वहीशी जुळले. बावीस वर्षांपूर्वीचा एक दिवस तेवढा जुळेना, आणि ठिपकाही त्याच दिवशी उगवायचा. संगणक म्हणे पाणी तीन मीटर बारा, वही म्हणे अडीच. असा गोल आकडा बाबांनी जन्मात लिहिला नव्हता.

ठिपका आला कुठून, ते तिने मागे मागे जाऊन पाहिलं. तो कालव्यांतून आलाच नव्हता. तिसऱ्या पायरीवरून तो पाण्यात उतरला होता, चार वाजून दहा मिनिटांनी.

मग तिचं तारखेकडे लक्ष गेलं. थोरले काका घर सोडून गेले ती हीच तारीख. काकूंनी त्या दिवसापासून दाराला कडी लावली नव्हती; माणूस परत आला तर त्याला दार वाजवायला लागू नये म्हणून.

अर्धी रजा टाकून ती घरी आली. बाबा फाटकाच्या बिजागरीला तेल घालत होते. तिने वहीचं पान समोर धरलं.

“हा आकडा तुम्ही पट्टी बघून लिहिलात?”

बाबांनी तेलाच्या बाटलीला बूच लावलं आणि ती खाली ठेवली. “मला ताप होता,” ते म्हणाले. “म्हटलं, दादा, आजच्या दिवस तू वाचून ये. तो गेला. आकडा मी दुसऱ्या दिवशी टाकला. अंदाजाने.”

“आणि काका?”

“तिसरी पायरी सुटली होती. मला महिनाभर माहीत होतं. वर कळवायचं राहिलं, आणि त्याला सांगायचंही राहिलं. लोक म्हणाले, कंटाळून गेला असेल कुठेतरी. मी नाही म्हणालो नाही.”

तिला बाबांचा संताप आला आणि कीवही आली, आणि दोन्हींचं काय करावं ते कळेना.

“अजून तिथेच आहे?” बाबांनी विचारलं. कशाबद्दल, ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

“हो. फिरतोय.”

बाबांनी हात पुसले आणि अंगण ओलांडून काकूंच्या खोलीकडे निघाले. ती मागोमाग गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. काकू खाटेवर बसून उशीचा अभ्रा शिवत होत्या. बाबा उभ्यानेच बोलले, एकही शब्द हातचा राखला नाही. काकूंनी मध्ये काही विचारलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी सुई अभ्र्यात टोचून ठेवली, उठल्या आणि दाराला आतून कडी लावली. गंजलेली कडी बसेना, तेव्हा दोन्ही हातांनी दाबून बसवली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. खोडरबर होता.

“दोनशेच आहेत आता. मी पुसला नाही हं, हातसुद्धा लावला नाही. भोवऱ्यातून निघाला खरा, पण पलीकडे मोजला गेला नाही. पायऱ्यांपाशी आला आणि पडद्यावरून गेला.”

तिने उत्तर द्यायच्या आत दारावर थाप पडली. ओल्या हाताची असावी तशी, जड आणि सावकाश. दाराखालून पाण्याची बारीक रेघ आत सरकत आली आणि काकूंच्या पायाशी थांबली.

काकूंनी दारावर तळवा टेकला. बावीस वर्षं ज्याच्यासाठी त्या झोपेतही कान देऊन होत्या, तो आवाज पुन्हा एकदा झाला. त्यांचा दुसरा हात कडीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

“अहो, कळलं मला सगळं,” त्या दाराशी तोंड नेऊन म्हणाल्या. “जा आता तुम्ही.”

कडी त्यांनी काढली नाही. बाहेर अंगणातून ओली पावलं फाटकाकडे गेल्याचं तिघांनीही ऐकलं. फाटक उघडताना वाजलं नाही; बिजागरीला बाबांनी नुकतंच तेल घातलं होतं.