लाल पेन्सिलीची रेघ

"माझ्या स्क्रिप्टवर ह्या लाल रेघा कोणी ओढल्या जी?"

प्रणितने वही हवेत नाचवली. नागभीडच्या त्या बंद राइस मिलच्या शेडमध्ये तालमीला दहा-बारा माणसं जमली होती, सगळ्यांनी एकदमच गुणवंतरावांकडे पाहिलं. विचारायची गरजच नव्हती. एकतीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टिंग करणाऱ्या या माणसाच्या कानामागे लाल पेन्सिल असते, हे मिलमधल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं.

"मीच ओढल्या," गुणवंतराव म्हणाले. "रेघ म्हंजे चूक नाई बाप्पा. रेघ म्हंजे इथी लोक उठून चहाले जातीन. शेवटच्या पानावर लिवलं हाय ना सारं. काय आवडलं ते आधी लिवलं."

"मी वाचलं नाई ते. प्रॉम्प्टरनं लेखकाले शिकवायचं का आता?"

हे ऐकून गुणवंतरावांच्या डोक्यात तिडीक गेली. जाणारच! अहो, आपल्याकडचे नट एका हंगामात आठ-दहा नाटकं करतात, पाठ कोण करणार? विंगेतून प्रॉम्प्टर हळूच वाक्य देतो, नट ते उचलतो आणि मैदान गाजवतो. म्हणजे प्रत्येक वाक्य आधी प्रॉम्प्टरच्या तोंडून जातं. एकतीस वर्षांत ज्याच्या जिभेवरून शेकडो नाटकं गेली, त्याला खोटं वाक्य कळणार नाही, आणि नागपूरच्या कार्यशाळेत दोन महिने बसून आलेल्याला कळणार? वा रे न्याय!

तरी त्यांनी आवाज चढवला नाही. "बाकीच्या रेघा राहू दे. दुसऱ्या अंकातली तेवढी पाहा. बाई मोहफुलं वेचाले जाते, वाघ तिले नेते. सरपंच तिची टोपली घरी आणून देते. नवरा टोपली हातात घेते अन् म्हणते, 'हे टोपली आता कोणाले देऊ मी?' लेका, हे वाक्य तू असं लिवलं का माझ्या अंगावर काटा आला. मंग त्याच्या आधी तो फालतू जोक काऊन टाकला?"

तो जोक म्हणजे, नवरा प्रेक्षकांकडे वळून डोळा मारतो आणि म्हणतो, 'बरं झालं! घरची वाघीण रानच्या वाघानं नेली!'

"लाफ्टर आहे तो," प्रणित म्हणाला. "काल वाचनाले सारे हसले का नाई?"

हसले होते खरे. पण चहा गाळणारी बुधरीबाई हसली नव्हती. चहाचा गंज तसाच शेगडीवर सोडून ती बाहेर निघून गेली होती, आणि चहा उतू गेला म्हणून नाटक कंपनीच्या मालकाची बोलणी खाल्ली होती. सिंदेवाहीकडच्या जंगलात दोन वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण अशीच मोहफुलं वेचायला गेली होती, ती परत आलीच नाही. ते कंपनीतल्या जुन्या माणसांना माहीत होतं. गुणवंतरावांनी मात्र तिचं नाव काढलं नाही. बिचारीचं दुःख पुढे करून वाद जिंकायचा, ही कसली मर्दुमकी?

"हसता हसता लोकाईले टोपलीचं वाक्य ऐकूच येणार नाई," ते म्हणाले. "तुयाच जोकानं तुयं सोन्यासारखं वाक्य मरते. अन् आपलं पयलं नाटक कोणत्या गावात हाय? तिथी अशी घरं हायत जी. त्याइच्या तोंडावर हे म्हणाचं का?"

मालक अतुल मोबाइलमधून डोकं वर काढत म्हणाला, "भाऊ, तुमी वाचाचं काम करा ना. लेखकाचं लेखक पायते. चला, दुसरा अंक."

झालं! एकतीस वर्षांची किंमत एका वाक्यात झाली.

गुणवंतराव वही घेऊन विंगेतल्या स्टुलावर बसले. अंक सुरू झाला. कंपनीचा विनोदी नट सुनिल नवऱ्याच्या भूमिकेत होता. सरपंचाने त्याच्या हातात टोपली दिली. सुनिलने सवयीने विंगेकडे कान दिला.

विंगेतून काहीच आलं नाही.

"भाऊ, वाक्य द्या!" अतुल ओरडला.

गुणवंतराव उठून उजेडात आले. "सारं नाटक देतो. हे वाक्य माझ्या तोंडून निंगणार नाई."

"मंग घरी बसा!" अतुल कडाडला. "हंगामाले माणसं कमी हायत का?"

गुणवंतरावांनी वही स्टुलावर ठेवली. पेन्सिल कानामागे खोचली, चष्मा खिशात घातला आणि कोणाकडेही न पाहता ते शेडच्या बाहेर पडले. बाहेर बुधरीबाई कप धूत होती. तिने ओल्या हाताने पाट तेवढा पुढे सरकवला. ते बसले.

आत प्रणितनेच वही उचलली असावी. त्याचा आवाज आला, "बरं झालं! घरची वाघीण रानच्या वाघानं नेली!"

सुनिल गप्प.

"अरे, घे ना वाक्य!"

"ऐकू नाई आलं," सुनिल म्हणाला.

प्रणितने पुन्हा वाक्य दिलं, चढ्या आवाजात. बुधरीबाईचा हात कपावरच थांबला.

"ऐकू नाई आलं जी."

हा तोच सुनिल, ज्याची भाकरी हशावर चालते. माशीसुद्धा हसेल असा जोक तो कधी सोडत नाही. काल तोही खो खो हसला होता, आणि चहाचा गंज उतू जाताना त्यानेही पाहिला होता.

तिसऱ्यांदा तर प्रणित इतक्या जोरात ओरडला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. त्यापाठोपाठ सुनिलचा आवाज आला, अगदी शांत. "किती बी ओरडा भाऊ. मले हे वाक्य ऐकूच येत नाई."

मग अतुल थकल्यासारखा म्हणाला, "जाऊ दे बे. पुढचं दे."

प्रणित पानं चाळत राहिला. त्याला जागा सापडेना.

बाहेर पाटावर बसलेल्या गुणवंतरावांचे ओठ सवयीने हलले. विंगेत देतात तसंच, अगदी हळू, त्यांनी वाक्य दिलं, "हे टोपली आता कोणाले देऊ मी?"

ते फक्त बुधरीबाईला ऐकू गेलं. तिने हातातला कप पालथा घातला आणि पदराने तोंड पुसलं.