प्रार्थना करून कळवतो

मित्रांनो, डोकं ठेवायची उशी तुमच्या सगळ्यांच्या घरी असेल. मी गुडघ्यांखालची उशी आहे. जुनी, चपटी झालेली, एका कडेला उसवलेली. म्हैसूरच्या अग्रहार भागात मनोहररावांच्या घरी, बैठकीच्या खिडकीखाली माझी जागा. प्रार्थनेला बसणाऱ्याचा चेहरा मला दिसत नाही. मला माणसं गुडघ्यांवरून ओळखावी लागतात, आणि खरं सांगते, गुडघ्यांना सोंग जमत नाही.

मला शिवलं वनजाबाईंनी, मनोहररावांच्या पत्नीनं. लग्न होऊन या घरात आल्या त्याच वर्षी, बन्नूरच्या माहेराहून आणलेला नारळाचा काथ्या भरून आणि वर जुन्या पडद्याचं जाड कापड घालून. पहिल्या दिवशी मी इतकी टणक होते की त्या हसल्या. "अय्यो, ही तर दगडच झाली की!" तरी टेकल्या, आणि पुढं तीस वर्षं रोज सकाळी टेकत राहिल्या.

त्यांची प्रार्थना अगदी एवढीशी. "प्रभू, मला कळत नाही. तू दाखव." मग खूप वेळ गप्प. घरात मोठी गोष्ट ठरायची असली की तीन सकाळी असं बसायचं आणि तोवर कुणालाही शब्द द्यायचा नाही, हा त्यांचा नेम. कधी कधी उत्तर मनाविरुद्ध यायचं. त्या रडायच्या, पण ऐकायच्या. घरी प्रार्थनेला जमणाऱ्या बायका मला थोपटून म्हणत, "ही बोलली तर काय काय सांगेल!" तेव्हा मला केवढी ऐट वाटायची.

मनोहरराव वाईट नव्हते हो. सरकारी नोकरीतले इंजिनियर, चर्चच्या कमिटीवर, सगळे त्यांचा सल्ला घ्यायचे. "देवानं डोकं दिलंय ते काय टोपी घालायला?" असं त्यांचं बोलणं. तेही माझ्यावर टेकायचे, पण दोन मिनिटं. आधी ठरवायचं आणि मग देवाच्या कानावर घालायचं. तेवढ्यानं माझा काथ्यासुद्धा दबायचा नाही.

मग वनजाबाई वारल्या. माझ्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग येऊन पडला. वर्षभरानं तो ढीग उचलला सुमानं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं. ती शाळेत शिकवत होती. तिचे गुडघे टेकले आणि मला वनजाबाईच परत आल्या असं वाटलं.

त्याच वर्षी तिला बेंगळुरूचं स्थळ आलं. मनोहरराव फोनवर म्हणाले, "प्रार्थना करून कळवतो हं." आमच्या मंडळीत अशी म्हणायची रीतच आहे. चार दिवसांनी त्यांनी फोन करून होकार दिला, चर्चच्या पाळकसाहेबांकडून लग्नाची तारीखही घेतली. त्या चार दिवसांत ते माझ्याकडे एकदाही फिरकले नव्हते. होकार दिल्याचं सुमाला ठाऊक नव्हतं. ती तीन सकाळी बसली. मुलाला ती येलवालच्या मावशीकडे एकदा भेटली होती. त्यानं तिला काही न विचारता, तिनं नोकरी कधी सोडायची ते सांगून टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी उठून ती वडिलांसमोर उभी राहिली.

"अप्पा, मला पुढं जावंसं वाटत नाही. मी नीट विचारलं. मन शांतच होत नाही."

"सुम्मने, उगीच काहीतरी डोक्यात घेऊ नको. शिकलेला मुलगा, चर्चमधलं घर. यात देवानं नको म्हणण्यासारखं आहे काय?"

"मग त्याला विचारायचं तरी कशाला?"

"शब्द दिलाय मी. आयतु, विषय संपला."

ती वडिलांचा शब्द मोडणारी मुलगी नव्हती. लग्न झालं.

दोन नाताळ गेले, ती आली नाही. फोनवर "बरी आहे" म्हणायची आणि ठेवायची. मग एक दिवस येलवालची मावशी घरी येऊन रडली. सुमाची नोकरी सुटली होती, एकटीनं बाहेर पडायला मनाई होती, चर्चलाही नवऱ्याची मर्जी असेल तरच जायचं.

दुसऱ्या सकाळी ते खिडकीचे गज धरून कसेबसे खाली आले. यावेळी पूर्ण भार माझ्यावर पडला. "प्रभू, मला कळत नाही," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं, आणि मलाच भरून आलं. बऱ्याच वेळानं ते उठले आणि सुमाला फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू होता.

"सुमा, मी चुकलो गं. न्यायला येऊ? तू सांग. तुला आतून काय वाटतं?"



"आता आतून काही वाटत नाही, अप्पा. मी विचारणंच सोडलंय. तुम्हालाही आणि देवालाही."

"असं नको बोलू, बाळा."

"विचारायचं आणि उत्तर बाजूला ठेवायचं, हे तुमच्याकडूनच शिकले ना मी?"

फोन बंद झाला. थोड्या वेळानं मनोहररावांनी चपला घातल्या आणि बेंगळुरूच्या बसला निघून गेले. संध्याकाळी एकटेच परतले. तिनं दार उघडलं, पाणी दिलं, पण आली नाही, असं मावशीला फोनवर सांगताना मी ऐकलं. आता ते रोज सकाळी माझ्यावर टेकतात आणि फक्त तिचं नाव घेतात.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. काथ्या आहे, कुजायचाच. पण देवाला विचारायचं असेल तर शब्द देण्याआधी विचारा, आणि घरातलं कुणी गुडघे टेकून उत्तर घेऊन आलं तर त्याचं ऐकून घ्या. बाप रोज टेकतोय, पण ज्या पोरीला विचारता येत होतं ती आता विचारत नाही.