अडवून ठेवलेला निरोप

या उपवासकाळात देवाच्या जवळ जायचं म्हणजे जायचंच, असं थोरलीने ठरवलं होतं. आणि तिने एकदा ठरवलं की देवाचीही सुटका नसे. पहाटे उठून पवित्र शास्त्राचे तीन अध्याय, दुपारचं जेवण बंद आणि दिवसभर इस्त्रीच्या दुकानात हात चालू, तोंडानं प्रार्थना चालू. गिऱ्हाईक "शर्ट झाले का?" विचारायचं, तर ही बोट वर करून आधी आमेनपर्यंत पोचायची.

"जरा देवालाही बोलू दे की," गठ्ठे बांधता बांधता नवरा म्हणायचा.

"तुम्ही गाठी नीट मारा."

पण महिना उलटला तरी देव काही जवळ आल्यासारखा वाटेना. भिंतीशी बोलावं तशी प्रार्थना व्हायची. याचं कारण तिला पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. आदल्या दिवशी दुपारी त्यांनी हिचा हात धरून सांगितलं होतं, "धाकटीला बोलव. तिला म्हणावं, माझा राग नाही." धाकटी म्हणजे हिची जाऊ. सासूशी कडाक्याचं भांडून वेगळी झालेली, चार गल्ल्या पलीकडे रफूचं काम करणारी. थोरलीने तिला बोलावलंच नाही. सात महिने हगणं-मुतणं काढलं आपण, आणि शेवटी आठवण हिची! नुसता जळफळाट झाला होता. धाकटी थेट मातीला आली, कोपऱ्यात उभी राहिली, निघून गेली. तो निरोप थोरलीच्या पोटातच राहिला. प्रार्थनेत ती साऱ्या जगासाठी मागायची, तेवढं एक सोडून.

चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड इस्त्री करायचा मान तिचाच. शनिवारी सकाळी तिने ते पसरलं, इस्त्री टेकवली, आणि प्रार्थना अशी रंगात आली की बाईसाहेबांनी डोळेच मिटले. तीस वर्षं इस्त्री धरलेली बाई! जळका वास आला तेव्हा उघडले. मधोमध इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी त्रिकोण. बोट लावलं तर भुगाच झाला.

नवऱ्याने कापड पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं. हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

"उद्याच लागणार. मी देऊन येऊ धाकटीकडे, रफूला?"

'द्या' असं ओठांवर आलं होतं. कापड त्याच्या हाती पाठवता आलं असतं. पोटातलं नसतं पाठवता आलं.

"नको," ती म्हणाली. "माझी मी जाते."

धाकटीने दार उघडलं. "ताई? तुम्ही?"

थोरलीने कापड पुढे केलं. "डोळे मिटून प्रार्थना करत होते."

"इस्त्री हातात घेऊन?" धाकटीला हसू फुटलंच. पण ती लगेच कामाला लागली. जळकी कड कापली, कापडाच्याच दुमडीतून दोरे ओढून काढले आणि आडवे-उभे विणायला घेतले. काय हात होता तिचा! थोरली कौतुकाने बघत राहिली. एवढं जवळचं माणूस आपण दोन वर्षं लांब ठेवलं, या विचाराने तिला भडभडून आलं.

"सासूबाईंनी तुला बोलावलं होतं," ती एकदम म्हणाली. "तुझ्यावर राग नाही म्हणाल्या. मी सांगितलं नाही तुला."

सुई थांबली. "कधी?"

"आदल्या दिवशी."

"म्हणजे मी पोचले असते."

"हो." आयुष्यात इतका जड शब्द तिने उच्चारला नव्हता. "मला हेवा वाटला गं. चुकलं माझं."

धाकटीने तोंड फिरवलं. "तुम्ही जा, ताई. कापड संध्याकाळी न्या."

थोरली बाहेर आली, पण घरी जायला पाय उचलेना. ती तिथेच पायरीवर बसली. एवढे अध्याय वाचलेले, एकही ओळ आठवेना. "देवा, मीच केलं हे," एवढंच तोंडून निघालं. आणि नवल म्हणजे, तोंड दाखवायला जागा उरली नव्हती तिथेच तो तिला अगदी शेजारी वाटला. ती पदर तोंडाला लावून पोटभर रडली.

बऱ्याच वेळाने मागे दार वाजलं. धाकटीचे डोळे सुजले होते.

"आत या," ती म्हणाली. "आणि आई अजून काय काय म्हणाल्या ते सगळं सांगा मला. एक शब्दही गाळू नका."