जुनं दार उघडं राहिलं

ते साल २००१. म्हैसूरच्या त्या संशोधन संस्थेत सगळ्यांची ई-मेल एकाच सर्व्हरवर येई, आणि तो सांभाळायची नागरत्ना. मशीन म्हातारं झालं होतं, धाप लागल्यासारखं मध्येच थांबायचं. दसऱ्याच्या आठवड्यात तिने नवं मशीन उभं केलं, सगळी पत्रं त्यावर उतरवली, जुन्याशी ताडून पाहिली आणि टपालाचा पत्ता नव्याच्या नावावर केला.

आता एवढंच होतं, की जगभरच्या मशीनना नवा पत्ता कळायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर काहींचं टपाल जुन्याच दारात येतं. दार बंद दिसलं तर पाठवणारं मशीन पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतं आणि शेवटी नव्या दारी जातं. उघडं दिसलं तर पत्र आत टाकून मोकळं होतं. नागरत्नाला हे पाठ होतं.

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, सकाळी वर्कशॉपचे प्रमुख बसवलिंगप्पा कुंकू आणि शेवंतीचे हार घेऊन आले.

"जुनं तरी बंद कर गं. आज यंत्रांची सुट्टी."

"टपालाला कसली सुट्टी, सर? चालू असतानाच लावा कुंकू."

"हार पंख्यात अडकला तर माझ्या नावाने ओरडू नकोस!"

सगळे हसले. चुरमुरे वाटले गेले, दारात कोहळा फुटला. जाता जाता बसवलिंगप्पा म्हणाले, "केमिस्ट्रीवाल्यांना या जुन्या मशीनवर उद्या विजयादशमीचा मुहूर्त करायचाय. रिकामं करून देशील ना?"

पत्ता बदलल्यानंतरही जुन्यावर आलेली पत्रं एकदा उतरवून घ्यायची राहिली होती. पण घरी दसऱ्याच्या बाहुल्या मांडलेल्या, त्या बघायला, हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या. एका दिवसात काय येणार आहे, असं म्हणत तिने संध्याकाळी जुन्या मशीनवरचं सगळं पुसून टाकलं.

शेजारच्या टेबलावरची विशालाक्षी जर्मनीतल्या प्रयोगशाळेच्या बोलावण्याची वाट पाहत होती. रोज विचारायची, "नागू, माझं काही अडकलं नाही ना गं?"

"एकही पत्र हरवलेलं नाही, अक्का. पैजेवर सांगते."

जानेवारीत तिकडच्या प्राध्यापकांची मेल आली. विशालाक्षीने ती मोठ्याने वाचली: आम्ही जागा देऊ केली होती, उत्तर आलं नाही, म्हणून दुसऱ्यांना घेतलं. पहिलं पत्र आयुधपूजेच्या दुपारी धाडलेलं होतं.

नागरत्नाला कळलं: त्या दुपारी जुनं मशीन बंद ठेवलं असतं तर ते पत्र नव्या दारी आलं असतं; ते उघड्या दारात पडलं आणि संध्याकाळी तिनेच पुसलं. सांगायला तोंड उघडलं, तोच विशालाक्षीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तू कशाला तोंड पाडतेस? त्यांच्याकडेच गोंधळ झाला असेल. आपल्या नागूने एक पत्र हरवू दिलं नाही, हे मी साऱ्यांना सांगत असते."

उघडलेलं तोंड तिने मिटलं. त्यानंतर ते उघडणं दर वर्षी आणखी अवघड होत गेलं.

बसवलिंगप्पा निवृत्त होऊन चामराजनगरला गेले, तिथेच वारले. विशालाक्षी हासनच्या कॉलेजात शिकवू लागली. परदेश राहिलाच, पण मुली तिच्यावर जीव टाकायच्या. ती अजून दर दसऱ्याला फोन करते. नागरत्ना निवृत्त होईपर्यंत आयुधपूजेला पहाटेच येऊन आपल्या हाताने सर्व्हर बंद करायची, कुंकू लावायची. नवी मंडळी म्हणत, बाई देवभोळ्या आहेत. आता घरी असते. दसऱ्याला फोन वाजला की दोन रिंग जाऊ देते, मग उचलते, आणि विचारते, "अक्का, बरी आहेस ना?"